थारा

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला माझ्या खिडकीसमोरच्या वडावर साळुंक्या उतरायला लागतात. आधी दोन-तीन येतात, मग दहा-बारा, आणि मग मोजणं सुटतं. मधूनच कावळे येतात, सगळ्यात उशिरा पोपटांचा थवा सुसाट येऊन पानांत घुसतो. पुढचा अर्धा-पाऊण तास नुसता गलका. जागेवरून भांडणं, ढकलाढकली, एक उठली की शेजारच्या चार उठणार, घिरटी घालून पुन्हा तिथेच बसणार. आणि अंधार दाटला की कुणी दार लावून घ्यावं तसा सगळा आवाज थांबतो.

हे मी कितीतरी वर्षं पाहत होते. पण माझं चित्र या झाडावरूनच येणार आहे हे कळायला फार वेळ लागला.

त्या दिवसांत मला रात्री झोप येत नव्हती. अंथरुणाला पाठ टेकली की दिवसभर कुठेकुठे पांगलेलं सगळं परत यायचं. कुणाला दिलेलं तुटक उत्तर, राहून गेलेला फोन, शाळेत असताना मैत्रिणीशी केलेला अबोला, उद्याच्या कामातली एक बारीकशी चूक. एकेक येऊन बसायचं आणि आपली जागा मागायचं. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते, आणि रात्री स्वतःसाठी डिजिटल चित्रं काढते. डोक्यात चाललेलं हे सगळं एकदा डोळ्यांसमोर मांडावं असं मनाने घेतलं. मन आणि पक्षी यांची जोडी तर भाषेनेच हातात दिलेली. मन उडतं, भरारी घेतं, भिरभिरतं, मनपाखरू म्हणतो आपण. तेव्हा पक्षीच काढायचे हे पहिल्या दिवशी ठरलं.

आणि मी तेच काढलं जे सगळे काढतात. बाजूने दिसणारा चेहरा, कवटीच्या जागी पिंजरा, पिंजऱ्याचं दार उघडं, आणि त्यातून बाहेर झेपावणारा एक निळा पक्षी. तीन आठवडे त्यावर घालवले. तारांवरची चमक, दाराच्या बिजागरीवरचा गंज, सगळं मन लावून केलं. पूर्ण झालं तेव्हा बराच वेळ बघत बसले. चित्र देखणं होतं, पण माझं नव्हतं. माझ्या डोक्यातून बाहेर पडायला काहीच धडपडत नव्हतं. जे होतं ते आत येत होतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. पिंजरा नको तर पक्षी वाढवू, प्रत्येक भावनेला एक पक्षी देऊ, असा बेत केला. घुबड म्हणजे शहाणपण, कबुतर म्हणजे शांती, मोर म्हणजे मिरवणं, कावळा म्हणजे मृत्यूची आठवण. दोन पानं भरून यादी झाली आणि यादीतच घोटाळा दिसला. ग्रीकांनी घुबड अथेनाच्या सोबतीला बसवलं, म्हणून ते ज्ञानी. आपल्याकडे तेच घुबड लक्ष्मीचं वाहन, आणि रात्री घराजवळ ओरडलं तर अपशकुन. तेव्हा अर्थ काही त्या पक्ष्याच्या पिसांत शिवलेला नसतो. असं कोष्टक करून काढलेलं चित्र बघणारा वाचून टाकतो आणि पुढे जातो. मला तर त्याने थांबायला हवं होतं. यादी फाडून टाकली.

त्या सुमाराला मी जुन्या चित्रकारांकडे पुन्हा वळले. आंद्रे ब्रेतोंने अतिवास्तववादाचा, म्हणजे स्वप्नासारखं अशक्य जग मांडणाऱ्या चळवळीचा, जाहीरनामा १९२४ साली काढला. त्या वाटेवरच्या बऱ्याच जणांना पक्ष्यांनी झपाटलेलं होतं. मॅक्स अर्न्स्टने तर स्वतःसाठी लोपलोप नावाचा एक पक्षीच तयार केला होता आणि तो त्याच्या चित्रांतून त्याच्या वतीने वावरतो. १९०६ साली त्याचा पाळलेला काकाकुवा मेला त्याच रात्री धाकटी बहीण जन्मली, आणि पक्षी आणि माणूस यांची सरमिसळ आपल्या डोक्यात तिथून सुरू झाली, असं तो सांगायचा. रेमेदिओस वारोच्या १९५७ च्या चित्रात घुबडासारख्या अंगाची एक आकृती टेबलाशी बसून पक्षी काढते. तिच्या गळ्यात व्हायोलिन आहे आणि कुंचला त्याला जोडलेला आहे. दुसऱ्या हातातल्या लोलकातून ताऱ्याचा उजेड कागदावर पडतो आणि काढलेले पक्षी उठून उडून जातात. पण माझ्या उपयोगी पडला तो त्याच वाटेवरचा चित्रकार रेने माग्रित. १९३६ च्या एका चित्रात तो स्वतः समोरच्या टेबलावरचं अंडं निरखतो आहे आणि कॅनव्हासवर काढतो आहे पंख पसरलेला पूर्ण वाढीचा पक्षी. एवढंच. कोट साधा, खुर्ची साधी, रंगकाम शाळेतल्या तक्त्यासारखं स्वच्छ. अशक्य गोष्ट एकच, बाकी सगळं खरं. त्या खरेपणामुळेच ती एक गोष्ट अंगावर येते. माझ्या पिंजऱ्याच्या चित्रात सगळंच अद्भुत होतं, म्हणून काहीच अद्भुत वाटत नव्हतं.

प्राचीन इजिप्तमध्ये माणसाच्या अस्तित्वाचा एक अंश 'बा' मानला जाई. त्याचं रूप म्हणजे धड पक्ष्याचं आणि डोकं माणसाचं. हा बा दिवसा थडग्यातून बाहेर उडतो आणि रात्री पुन्हा देहाकडे येतो. उत्तर युरोपातल्या जुन्या कथांत ओडिन या देवाचे दोन डोमकावळे आहेत, एकाचं नाव विचार, दुसऱ्याचं आठवण. ते रोज जगभर हिंडून येतात. विचार परतला नाही तर काय, ही ओडिनला भीती आहे, आणि आठवणीबद्दल तर त्याहून जास्त. हे वाचलं त्या संध्याकाळी खिडकीबाहेर नेहमीचा गलका चालू होता. मी स्टायलस, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढायचं पेन, हातात धरून तशीच उभी राहिले. या सगळ्या कथांत पक्षी उडण्यापेक्षा परत येण्याला महत्त्व होतं. आणि आपण मराठीत म्हणतो काय? मन थाऱ्यावर नाही. थारा म्हणजे टेकायची जागा. इतकी वर्षं हा शब्द वापरत होते, त्यात एक फांदी आहे हे त्या दिवशी दिसलं.

चित्र त्याच रात्री बदललं. एक बाई, पाठमोरी. मान म्हणजे खोड, केस म्हणजे वडाचा पसारा, खाली उतरलेली वेणी म्हणजे पारंबी. समोर मावळतीचं आकाश आणि तिथून तिच्या डोक्याकडे येणाऱ्या साळुंक्या. चेहरा दाखवायचा नाही हे लगेच ठरलं. चेहरा दिसला की लोक त्यावरचं दुःख वाचत बसतात. पाठमोरी असली की बघणारा तिच्या मागे उभा राहतो, ती बघते तेच आकाश बघतो, आणि पक्षी त्याच्याही अंगावर येतात.

आता कामाचं सांगते. मी क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरते. मोठी प्रिंट काढायची म्हणून कॅनव्हास ए-२ चा, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ४९६१ बाय ७०१६ पिक्सेल. चित्र लेयरमध्ये, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांत, काढतात. या मापाचा एक भरलेला लेयर साधारण १४० एमबी मेमरी खातो. मी प्रत्येक पक्ष्याला वेगळा लेयर देत होते, त्यावर सावलीचा एक आणि उजेडाचा एक. चाळिसाव्या पक्ष्याच्या पुढे ब्रश ओढला की रेघ दोन सेकंदांनी उमटायला लागली. बरं, ते चाळीस पक्षी तरी चाळीस होते का? नव्हते. चार पक्षी नीट काढले होते, बाकीचे त्यांच्याच नकला, लहानमोठ्या केलेल्या, काही उलट फिरवलेल्या. उलट फिरवलं की उजेडही उलटतो हे मला माहीत होतं, पण घाईत मी तिकडे काणाडोळा केला. सूर्य समोर उजवीकडे, आणि अर्ध्या पक्ष्यांची डावी कड उजळलेली. दुरून पाहिलं तर पडद्याच्या कापडावरची नक्षी वाटत होती.

मशीन जड झालं म्हणून सगळे पक्षी एका लेयरवर एकत्र केले आणि त्याच फाइलवर सेव्ह करून झोपायला गेले. सकाळी जागा बदलायला गेले तर एकही पक्षी सुटा निघेना. आधीची प्रत ठेवलेली नव्हती. त्या सकाळी मला खरंच रडू आलं.

दुपारी एक मैत्रीण आली. ती पहाटे उठून दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्यांपैकी. तिला स्क्रीन दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "अगं, हे सगळे निघालेत."

"कुठे?"

"झाडावरून. तू म्हणतेस ते उतरतायत, पण उतरणारा पक्षी असा नसतो. याचे पाय पोटाशी घेतलेत, शेपटी मिटलेली आहे. हा असाच येत राहिला तर फांदीवर आपटेल."

मी काय केलं होतं ते तेव्हा लक्षात आलं. संदर्भ म्हणून जमवलेले सगळे फोटो ऐन उड्डाणातले होते, कारण तेच देखणे असतात. त्यांची तोंडं मी झाडाकडे वळवली होती, पण अंगाने ते अजून लांबच्या वाटेवरच होते. पिंजऱ्याचं चित्र नकळत या चित्रातही शिरलं होतं.

मग चार संध्याकाळी खिडकीत मोबाइल लावून व्हिडिओ घेतले, सेकंदाला ६० फ्रेमचे. फांदीवर टेकण्याआधीचा शेवटचा अर्धा सेकंद घेतला तरी ३० चित्रं मिळतात. ती एकेक करून पाहिली आणि मला वेगळाच पक्षी दिसला. उतरताना साळुंकी जवळजवळ उभी होते. छाती पुढे, शेपटी पंख्यासारखी उघडून खाली ओढलेली, पंख मागून पुढे हवा ढकलणारे, जणू दोन्ही हातांनी कुणाला थांब म्हणतेय. पाय लांब ताणलेले, बोटं उघडी. पंखाच्या पुढच्या कडेला, आपल्या अंगठ्याच्या जागी, तीन-चार आखूड पिसांचा एक झुबका असतो. एरवी तो पंखाला चिकटून असल्याने दिसत नाही. वेग कमी झाला की तो उचलला जातो, त्यामुळे पंखावरून जाणारी हवा सुटत नाही आणि पक्षी धपकन खाली पडत नाही. एका फ्रेममध्ये तो झुबका अगदी स्पष्ट दिसला, करंगळीच्या नखाएवढा. मी तो शंभरेक वेळा काढला असेल.

आणखी एक गोष्ट. बसलेली साळुंकी तपकिरी, डोकं काळं, चोच आणि पाय पिवळे, डोळ्यामागे पिवळा डाग. पंख उघडला की मात्र त्यात पांढरा पट्टा झळकतो. संधिप्रकाशात अंग दिसत नाही, फक्त तो पांढरा दिसतो, लुकलुकल्यासारखा, आणि टेकली की विझतो. डोक्यात विचार येतो तो मला असाच दिसतो. आधी नुसती चमक, कशाची ते कळत नाही. येऊन बसला की मग त्याला रंग, चोच, नाव. हे मी ठरवून आणलेलं प्रतीक नव्हतं, पक्षी नीट पाहिला तेव्हा सापडलं.

सगळे पक्षी पुन्हा काढले. या वेळी ५७, एकही नक्कल नाही. पुढचे ११ पिसापिसाने, मधले मोकळ्या हाताने, मागचे नुसते डाग, आकाशाच्या रंगात मिसळत जाणारे. पक्षी समोरून येतात आणि उजेड त्यांच्या पाठीमागून, त्यामुळे पंखांच्या कडा थोड्या पारदर्शक दिसायला हव्यात. त्यासाठी वेगळा लेयर घेऊन स्क्रीन मोडवर (यात वरचा रंग खालचा रंग उजळवतो) पातळ केशरी रंग दिला आणि पंखांपुरताच ठेवला. लेयर या वेळी तीनच गटांत ठेवले. रोज काम थांबवताना नवी क्रमांकित प्रत केली.

सगळ्यात अवघड जागा होती केस फांदी कुठे होतात ती. पहिल्यांदा मी तिथे धुकं घातलं. ती पळवाट होती. पुसून टाकलं. मग २०० टक्के झूम करून एकेक बट वर नेली. मानेजवळ ती केसच आहे, सुटी, मऊ. कानाच्या वर थोडी जाड होते, दिशा बदलताना वळण्याऐवजी कोनात मोडते. केस मोडत नाही, डहाळी मोडते. तेवढ्या एका कोनाने काम होतं. पुढे साल, गाठ, आणि टोकाला एक पान. या पट्ट्यात दहा दिवस गेले आणि त्यातला एकही दिवस मला वाया गेला असं वाटत नाही.

कानाच्या पोकळीत मी कावळ्याचं घरटं काढलं होतं, त्यात कावळ्याची अंडी आणि एक कोकिळेचं, थोडं लहान. कुणीतरी आपल्याबद्दल काही बोलून जातं आणि आपण ते आपलंच समजून उबवत बसतो, ते अंडं. कल्पना मला अजून फार आवडते. पण त्या घरट्याने डोळा पकडून ठेवला, बघणारा तिथे अडकायचा आणि आकाशाकडे जायचाच नाही. चित्र काळंपांढरं करून पाहिलं तेव्हा खात्री झाली, सगळ्यात जास्त उठाव तिथेच होता. घरटं उचलून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं. ते वेगळं चित्र आहे, कधीतरी होईल.

घरट्याच्या जागी एक झोपलेली साळुंकी आली, एक डोळा उघडा असलेली. रांगेने झोपलेल्या बदकांत टोकाचं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं आणि तेव्हा त्याच्या मेंदूचा अर्धाच भाग झोपलेला असतो, हे १९९९ साली संशोधकांनी दाखवलं. साळुंकीला मी ते उसनं दिलं. एवढी मोकळीक मी घेतली, कारण निम्मं झोपून निम्मं राखणीला बसणं मला ओळखीचं होतं.

आईला दाखवलं तेव्हा चित्र अजून पूर्ण नव्हतं. तिने चष्मा लावला, स्क्रीनजवळ आली आणि म्हणाली, "किती गलका गं हा!" मग जरा थांबून, "मलाही असं होतं रात्री." आईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी बराच वेळ त्या पाठमोऱ्या बाईकडे बघत बसलो. मी काही समजावून सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

प्रिंटच्या वेळी रंगांनी पुन्हा छळलं. स्क्रीनवरचा जांभळट निळा छपाईच्या चार शाईंत बसतच नाही. पहिल्या नमुन्यात आकाश ओल्या पाटीसारखं करडं आलं. निळा वाढवून काही होत नव्हतं, म्हणून उलट केलं. आकाश दबकंच ठेवलं आणि क्षितिजाजवळचा केशरी वाढवला. त्याच्या शेजारी तोच निळा जिवंत दिसायला लागला. छपाईचा अंदाज स्क्रीनवर दाखवणारी सोय क्रितात आहे. ती मी आधीच लावून बसायला हवी होती.

शेवटची प्रिंट भिंतीवर लावली. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहताना डावीकडे खाली, पारंबीच्या जवळ, एका साळुंकीवर नजर गेली. पंख अर्धे मिटलेले, पाय ताणलेले, बोटं वळलेली, आणि बोटांखाली काही नाही. केसांचा पट्टा दुरुस्त करताना तिच्याखालची डहाळी माझ्या हातून पुसली गेली होती. एवढ्या गर्दीत ते कुणाच्या लक्षात आलं नसतं.

मी फाइल उघडली, झूम केलं, सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि तिच्या पायांखाली एक डहाळी काढली. टोकाकडे जराशी वाकलेली, तिच्या वजनाने.